सांध्यापाशी कोण उभं राहतं

पौड, कार्तिक वद्य षष्ठी
(तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडराप्रमाणे २१ नोव्हेंबर २०२४)

चि. हेमास दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आमच्या मोरीतला नळ ठिबकतो. पौडात या फिर्यादीची दाद लागेना, म्हणून सांगलीला तुझ्या दरबारात आणली आहे. ठिबकतो तोही अनुष्टुभात. आठ थेंब, मग यती, पुन्हा आठ. पाचवा लघू, सहावा गुरू. सातव्याला मात्र छंदोभंग करतो. माझ्या नववीच्या वर्गाला इतक्या वर्षांत जे साधलं नाही, ते या पितळी विद्यार्थ्याला जवळजवळ साधलं आहे.

हाताशी फोन असताना दादा पत्रं काय लिहितो, असं म्हणशील. वय झालं म्हण.

तुझा निरोप पोचला. वेदांतला पाइपफिटर व्हायचंय, परवाना कसा मिळतो ते आमच्या स्वरदाला विचारून कळव, म्हणालीस. चिरंजीवांना सांग, शास्त्र असं आहे. दहावीनंतर आयटीआयला फिटर किंवा प्लंबर यांपैकी एक धरायचं. पाइपला आटे पाडायला शिकायचं, नकाशा वाचायला शिकायचं. आपल्या घराण्याची घोकंपट्टी तिथे चालत नाही. मग कारखान्यात शिकाऊ उमेदवारी आणि तिची परीक्षा. पुढे शहरात नळाची कामं स्वतःच्या नावावर घ्यायची, तर तिथल्या महापालिकेचा परवाना. त्याला प्रमाणपत्र लागतं, अनुभवाचा दाखला लागतो. बाकी नियम शहरागणिक निराळे, तिथेच चौकशी करावी.

हे स्वरदाला विचारून लिहिलेलं नाही. तिच्या टेबलावरची माहितीपत्रकं चाळून लिहिलं आहे.

खरी विद्या उस्तादाकडे मिळते. तिचे उस्ताद मतीनभाई, भरे गावचे. पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "ताई, हितं कायदा एकच. ज्याचा सांधा, त्यानंच चाचणीच्या वक्ताला सांध्यापाशी उभं ऱ्हायाचं. आपल्याच तोंडावर उडंल म्हणलं की मानूस आटा सरळ पाडतो." घरी येऊन ती त्यांची नक्कल करायची. मी म्हटलं, हा कायदा पेपर तपासणाऱ्यांना लावला, तर शाळा ओस पडतील. किती हसली होती.

नवी लाइन टाकली की तिच्यात पाणी भरून दाब देतात. फुटली तर माणूस भिजतो, एवढंच. दसऱ्यानंतर एक दिवस टँकर आला नाही आणि वरच्यांना घाई होती. त्यांनी कंप्रेसरनं हवा भरायला लावली. दाबलेली हवा सुटते तेव्हा भिजवत नाही, हेमा.

शेवटचा सांधा स्वरदाचा होता. ती त्या दिवशी परीक्षेला गेली होती. तिच्या जागी मतीनभाई उभे राहिले.

पाइपच्या तोंडाचं टोपण उडालं. मतीनभाई दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. 'कारखान्यात जरा गडबड झाली, पोर घरी आहे,' असं मी तुला फोनवर म्हणालो होतो, ती ही गडबड.

त्यांच्या घरच्या, सुलतानाभाभी, नवऱ्यामागच्या इद्दतीत आहेत, ते दिवस सरेपर्यंत घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी स्वरदाला बोलावून घेतलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. आतलं ऐकू येत होतं.

"पोरी, तुजा सांधा जागच्या जागी हाय. टोपण उडालं. हवा त्यांनी भरली, तू न्हाई."

"पण भाभी, तिथं उभं कुणी राहायचं होतं?"

त्यावर भाभी नुसत्या रडल्या. परतीच्या वाटेवर मी मनात एकेक श्लोक काढून पाहिला आणि परत ठेवला. सुभाषितं सगळी पाठ आहेत, गं.

परीक्षेत ती पास झाली. निकाल मीच पाहिला. सांगितला, तर भिंतीकडे तोंड करून पडली. पान्यांची पेटी पलंगाखाली सरकवली आहे. जेवते, म्हणजे मी समोर बसलो तर दोन घास.

आता नळाचं खरं सांगतो. तो मीच सैल केला. एके काळी घरात थेंब गळला तर ही हातातलं ताट ठेवून उठायची. वाटलं, त्या आवाजानं तरी उठेल, पाना हातात घेईल. उठली. मोरीत गेली, नळाखाली बादली ठेवली आणि परत येऊन पडली. तेव्हापासून ठिबकतो आहे. मला तो बंद करता येत नाही.

वेदांतला या विद्येपासून अडवू नकोस. पाण्याऐवजी हवा भरा म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं, एवढं मात्र त्याच्याकडून घोटून घे.

काल संध्याकाळी तिनं मला विचारलं, "बाबा, मी नसले तर तुम्ही आत्याकडे राहाल ना?" मी म्हटलं, तुझ्या आत्याच्या हातची आमटी खाण्यापेक्षा संन्यास बरा. ती हसली नाही.

मी शाळेत रजा टाकली आहे. किराणाही शेजाऱ्यांकडून मागवतो. फोनवर बोललो असतो तर तिच्या कानावर गेलं असतं, मेसेज तिच्या नजरेस पडला असता, म्हणून हे पत्र. तिला घरात एकटी सोडायची मला भीती वाटते. आणि मी घरात असलो, तरी वाटते.

पत्र मिळताच निघ.

तुझा,
दादा