तिसऱ्या माणसाचा लोड

४ नोव्हेंबर
आज कुरुंद्याच्या शिवारातल्या नव्या घरात आलो. जागा छान आहे. चारी बाजूंनी कमरेएवढी हळद, हवा मोकळी. विजेची लाइन इथवर नाही, म्हणून सगळं सोलरवर. छतावर आठ पॅनल, भिंतीवर तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, खाली बॅटऱ्या. तारांचं जंजाळ बघून माय म्हणाली, "विजू, घर हाय का इमान?" माझी बायको पुनम वारली, त्याला अडीच महिने झाले. तेव्हापासून माय आज पहिल्यांदा हसली.

सोलरवाला भागवत वसमतहून आला होता. जड वस्तू उन्हात लावा आणि एका वेळी एकच, असं त्यानं सांगितलं. लोड तीन हजार वॉटच्या वर गेला की इन्व्हर्टर आधी शिट्टी वाजवतो, मग सगळंच बंद करतो. मायचं ऑक्सिजनचं मशीन मात्र दिवसरात्र लागतं. साडेतीनशे वॉट. ते थांबून चालणार नाही.

६ नोव्हेंबर
स्क्रीनवर लोडचा आकडा दिसतो. बघत बसायला बरं वाटतं.

भागवतनं आधी भरून घेतलेला कागद सापडला. घरात माणसं किती, तर तीन. मीच सांगितलं असणार, सवयीनं. अकराला कपडे, मग बोअरची मोटर, मग इस्त्री, हा पुनमचा क्रमही सांगितलेला. तिचा लोड वेगळा धरलाय. दुरुस्त केलं नाही.

९ नोव्हेंबर
अकरा वाजता वॉशिंग मशीन फिरू लागलं. मी लावलं नव्हतं. माय खाटेवरून उठत नाही. थांबल्यावर झाकण उघडलं. आत पुनमच्या दोन साड्या, ओल्या. त्या मी हिंगोलीच्या जुन्या घरी असतानाच देऊन टाकल्या होत्या.

वाळत घातल्या. संध्याकाळी घड्या केल्या.

१२ नोव्हेंबर
भागवतला बोलावलं. त्यानं मायचं मशीन सोडून सगळ्या पिना काढल्या. अकराला त्याच्यासमोर आकडा साडेतीनशेवरून साडेआठशेवर गेला. वॉशिंग मशीन पिनेशिवाय फिरत होतं. त्यानं विचारलं, कागदावरचं तिसरं माणूस कोण? मी सांगितलं. त्यानं पाना पिशवीत टाकला. चहा घेतला नाही.

"साहेब, मायला घेऊन हिंगोलीला जा. हा लोड मला काढता येत न्हाई."

१५ नोव्हेंबर
आता मोटर आणि इस्त्रीही चालतात. माझे शर्ट कडक होऊन खुर्चीवर येतात. फ्रिज मी कायमचा बंद केला, तिला कमी पडू नये म्हणून.

आज तिन्ही एकदम लागली. इन्व्हर्टर बंद पडला, बारा मिनिटं. मायचे ओठ निळे झाले. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो लावला, संपला. नंतर वीज आली, पण पुनमचं काही चालू झालं नाही. दिवसभर नुसते साडेतीनशे. घर फार शांत होतं.

१६ नोव्हेंबर
अकरा वाजले, काही नाही. बाराला मशीन फिरलं. बरं वाटलं.

माय म्हणाली, "सून एवढं काम काहून करून राहिली? मला धाप लागून राहिली, बाबा. तिला थांब म्हण."

म्हणालो नाही.

१७ नोव्हेंबर
बहीण साधनाचा फोन. गाडी घेऊन येते, मायला नेते म्हणाली. मी गरज नाही म्हणालो. मायनं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली.

१८ नोव्हेंबर
तिन्ही एकदम. २७००. मायचे धरून ३०५०. शिट्टी वाजतेय. आता बंद पडला तर पुनम परत येईलच असं—

मायची पिन काढली.

२७००. शिट्टी थांबली.

मायनं मनगट धरलं होतं. जोर नव्हता. आता सोडलंय. छाती हलत नाही.

इस्त्री चालू आहे. शर्टाचा वास—

पिन माझ्या हातातच आहे. स्क्रीनवर पुन्हा ३०५०. मायचे साडेतीनशे कुठून—

शिट्टी—