परावलंबनाच्या परीक्षेला बसलो त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला माणूस लागेल, आणि माणूस लागणे हाच या पत्राचा विषय आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? उजवा जास्त कुरकुरतो की डाव्यानेही आता सूर धरला आहे? भाचेसून अजून तुला सकाळची चालायला पिटाळते का? माझी प्रकृती उत्तम आहे. हे मी म्हणत नाही, रीतसर तपासून घेतले आहे. तेच सांगायला बसलो आहे, तेव्हा चष्मा पुसून घे आणि नीट टेकून बस.

झाले असे, की माझ्या बाहेरच्या खोलीतला दिवा गेला. स्टुलावर चढून पाहिले, हात पोचेना. टाचा उंचावल्या तर स्टूलच विचारात पडल्यासारखे डुलू लागले. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना हाक मारली असती तर त्यांच्या यजमानांनी उभ्याउभ्या दिवा बसवला असता (ते इतके उंच आहेत की कुणाच्याही दारातून नमस्कार केल्यासारखेच आत येतात). पण एवढ्यातेवढ्यासाठी कुणाचे दार कशाला वाजवायचे? अंधार पडला की मी आपला खुर्चीत बसून शाळेतल्या कविता म्हणू लागलो. कवितेला उजेड लागत नाही, ताई. उलट अंधारात जुन्या पुस्तकाचा वाससुद्धा येतो. पाचवीचे पुस्तक संपले, सहावीचे संपले, सातवीच्या समुद्रावरच्या कवितेत शिरलो होतो, तोच चिरंजीव दारात हजर. शिवणवाल्या बाईंनी फोन केला होता, की तुमचे वडील रोज संध्याकाळी अंधारात एकटेच पुटपुटत बसतात.

चिरंजीवांनी दिवा बसवला आणि उजेड पडताच जाहीर केले, की हे घर बंद करायचे आणि मी त्यांच्याकडे राहायला जायचे. तिथली खोली वाईट नाही. तिच्यात जागच्या जागी चालवायची एक सायकल राहते, तिच्याशेजारी मी राहायचे. दोघांनीही कुठे जायचे नाही. पण या दोन खोल्यांत माझे टेबल आहे, ज्यावर निवृत्तीनंतरही छापखान्याची प्रुफे तपासली. खिडकीजवळ हिची खाट आहे. ही गेली तरी खाटेची जागा मी बदललेली नाही. मी म्हटले, मी परावलंबी नाही, हलणार नाही. बापलेकांचे आवाज चढले तशी सूनबाई मध्ये पडली. म्हणाली, भांडू नका, जाणकाराला विचारू. स्वभाव तपासणारी एक बाई तिच्या माहितीतली होती. ठरले असे, की बाईंनी परावलंबी म्हटले तर मी मुकाट्याने घराची किल्ली द्यायची.

झाले, मी स्वावलंबनाची जय्यत तयारी करून गेलो. दवाखान्याचे काचेचे दार ढकलले, उघडेना. खांदा लावला, तरी नाही. आतली नोंदणीवाली मुलगी खुणेने काही सांगत होती, मीही खुणेनेच तिला कळवले की मदत नको. बऱ्याच झटापटीनंतर पाठीमागून एका पेशंटने येऊन दार स्वतःकडे ओढले आणि आम्ही दोघे आत गेलो. मुलीने खुर्ची दिली, नको म्हटले. पाणी दिले, नको म्हटले. बाईंनी आत बोलावले तेव्हा माझे पाय लटपटत होते आणि घशाला कोरड पडली होती, पण स्वावलंबन शाबूत होते.

बाई वयाने आमच्या सूनबाईएवढ्या. त्यांनी शाईच्या डागांची चित्रे पुढे ठेवली आणि काय दिसते ते सांगा म्हणाल्या. पहिल्यात मला आपले मराठीचे मास्तर दिसले, कोटाचे दोन्ही खिसे खडूंनी फुगलेले. दुसऱ्यात तेच, पाठमोरे, फळ्यावर लिहिताना. तिसऱ्यात दोन मास्तर ताठ उभे होते, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे. बाईंनी हळूच विचारले, दुसरे काहीच दिसत नाही का? मी म्हटले, दुसरे दिसायला हवे असेल तर सांगा, तेही बघतो. हे त्यांनी टिपून घेतले.

मग विधाने आली, हो किंवा नाही म्हणायचे. “निर्णय घेताना मला दुसऱ्याचा आधार लागतो.” मी ठणकावून नाही म्हटले आणि बाईंकडे बघून विचारले, बरोबर ना? हेही त्यांनी टिपले. (माझी सवय अशी, की समोर कुणी पेन उघडले की मला मार्क पडत आहेत असे वाटते.)

पण खरी फजिती पुढेच झाली. अर्धवट वाक्ये होती, ती पुरी करायची. पहिलेच वाक्य, “मी एकटा असतो तेव्हा…” ताई, मी ते छान चालीवर म्हटले, यती सांभाळून, आणि थांबलो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाईंकडे बघत राहिलो. अखेर त्या म्हणाल्या, “पुढे?”

“पुढचं तुम्ही म्हणायचं,” मी म्हटले.

त्यांना काही कळेना. मग सांगावे लागले, की आमच्या घरी असेच असते. शाळेला जाताना ताई अर्धी ओळ म्हणायची, उरलेली मी. पुढच्या कडव्याला उलट. मी चुकलो तर दप्तराचा फटका. लग्नानंतर मी अर्धी ओळ म्हणायचो आणि ही स्वयंपाकघरातून पुरी करायची. हिला कविता एकही पाठ नव्हती. मी कितीही गंभीर ओळ टाकली, चांदण्याची असो की मरणाची, ही चालीत म्हणायची, “…आणि येताना मीठ आणा.” वृत्तात मात्र चोख बसवायची. आता अर्धी ओळ म्हणून थांबतो आणि मग आठवते. बाईंनी हे काही टिपले नाही. पेन खाली ठेवले आणि स्वतः उठून मला पाणी आणून दिले. मी प्यालो.

नंतर त्यांनी मागाहून येऊन बाहेर बसलेल्या चिरंजीवांना आणि सूनबाईला आत घेतले. मी खिशात किल्ली घट्ट धरून बसलो होतो. बाई म्हणाल्या, “आजोबा परावलंबी नाहीत. यांचं दुखणं उलटं आहे. यांना मागता येत नाही. अहो, धडधाकट माणूससुद्धा माणसाला टेकतो, त्यात कमीपणा कसला?” निकाल असा, की मी माझ्या घरीच राहायचे. फक्त पुढच्या भेटीआधी मला मनापासून हवी असलेली एक गोष्ट कुणाकडे तरी मागून दाखवायची. चिरंजीव हसले आणि बाहेर येताच त्यांनी माझा हात धरला. मीही सोडवला नाही.

मागणे सोपे आहे असे मला वाटले होते. शिवणवाल्या बाईंकडे सुई मागितली. त्यांनी पटकन दिली, पण मला सुई नकोच होती. पेपरवाल्याकडे कालचा पेपर मागितला, तो माझ्याकडेच निघाला. असो. माझे छान चालले आहे. दिवा लख्ख आहे, कविता आठवीपर्यंत आल्या आहेत. घरात सर्वांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्यांना विशेष.

तुझा,
दप्तराचे फटके खाल्लेला धाकटा

ता. क. बाईंच्या अटीचा या पत्राशी काही संबंध नाही. मला काहीही नको आहे.

पुन्हा ता. क. माझे घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. खिडकीजवळची खाट रिकामी असते. सहज आपले माहितीसाठी लिहिले.

आणखी एक. वरचे दोन्ही ता. क. खोडले असे समज. ताई, माझ्याकडे राहायला ये. भाचेसुनेला म्हणावे, महिनाभर तरी सोड. मला तू हवी आहेस. (लिहिले बुवा एकदाचे. प्रुफातली कुठलीही ओळ मी कधी इतक्यांदा वाचली नव्हती.)

शेवटचे. मी एकटा असतो तेव्हा… पुढचे तू म्हणायचे आहे. पत्राने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आणि येताना मीठ आण. ते खरोखरच संपले आहे.