ट्रेडल हलवलं

सोलापूर,
२१ फेब्रुवारी १९७७

प्रिय सुंदरम्मा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. माझ्या मनाविरुद्ध लग्न करून तू सांगोल्याला गेलीस त्याला दोन वर्षं झाली. तुझी अकरा पत्रं आली, सगळी तुझ्या आईच्या, अव्वाच्या नावानं, आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून ती छापखान्यात येऊन रेवणसिद्धकडून वाचून घेते. आपला हा कंपोझिटर किती बेरकी ते तुला ठाऊकच आहे. मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं वाचतो. मी पाठ फिरवून छपाईचं ट्रेडल पायानं मारत उभा असतो, आणि तुझं पत्र सुरू झालं की माझा पाय आपोआप थांबतो.

परवा मी आणि रेवणसिद्धनं मिळून ते ट्रेडल मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं. वीस वर्षं एका जागी बसलेलं बिडाचं धूड ते! खांदा लावला, पहार लावली, शिव्याही घातल्या; तसूभर हलेना. मग मला अक्कल सुचली. चारी बाजूंनी फरशीवर मशीनचं तेल ओतलं, म्हटलं आता जाईल सरकत. अगं, ट्रेडल राहिलं जागेवर आणि मीच गेलो घसरत भिंतीपर्यंत! अव्वा धावत आली, आणि मला लागलंय का हे बघायच्या आधी पदर तोंडाला लावून हसली. लई दिवसांनी हसली ती.

तिथंच बसल्या बसल्या तू आठवलीस. सातवीत होतीस, की आठवीत? याच फरशीवर विटेला रबर बांधून ओढत होतीस आणि ते किती ताणलं जातं ते पट्टीनं मोजत होतीस. वीट हलायच्या आधी रबर सगळ्यात जास्त ताणलं जायचं. एकदा सरकू लागली की थोडं सैल पडायचं. आणि खाली पेन्सिली घातल्या की नावापुरतं ताणलं जायचं. घर्षण, घर्षण करून माझं डोकं खाल्लंस. मी म्हटलं, ते नसतं तर बरं झालं असतं की, माझं मशीन तरी हलकं चाललं असतं. तेव्हा कमरेवर हात ठेवून मला सुनावलंस, की मग अप्पा, तुम्हाला पाऊलही टाकता आलं नसतं, पाय जमिनीला धरून राहणार कशानं? परवा तेलात बसून मला ते पटलं बघ.

मग फरशी सोड्यानं धुतली, नळाचे चार पाईप आणले. पहारीनं एकेक कड उचलून ते खाली सारले. पहिला हिसका द्यायला दोघांचा जीव गेला. पण एकदा निघालं आणि काय सांगू! मागचा मोकळा झालेला पाईप पुढं घालत गेलो आणि धूड आपलं मुकाट्यानं चालू लागलं. मी आनंदानं तुझं नाव घेऊन ओरडलो. दोन वर्षांत या घरात ते नाव मी पहिल्यांदा घेतलं. अव्वा दारातच रडायला लागली.

अख्ख्या सोलापूरच्या लग्नपत्रिका मी छापल्या, पोरी, आणि तुझी छापली नाही. वेणीमाधव मास्तर जातीबाहेरचे, म्हणून अडून बसलो. माणूस कसा आहे हे विचारलंसुद्धा नाही. पहिले चार महिने राग होता, खोटं कशाला बोलू? नंतर तो कधी गेला ते कळलंही नाही, तरी मी आपला तसाच बसून राहिलो. संध्याकाळी शाळा सुटली की पोरी आपल्या दारावरून जातात, तेव्हा अजून मी मान वर करून बघतो. तुझी आठवण येते गं, फार येते.

आता ट्रेडल का हलवलं ते सांगतो. तुला सातवा महिना लागल्याचं रेवणसिद्धनं वाचलं. बाळंतपण सांगोल्यातच करणार, अप्पांना त्रास नको, हेही वाचलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, सुंदरम्मा. ती मागची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, उबेची आहे. तू तिथंच जन्मलीस. आता ती रिकामी केलीय, चुना दिलाय, शाईचा वास जावा म्हणून खिडकी दिवसभर उघडी ठेवतो. अव्वानं बाजही टाकलीय. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी तुला न्यायला येतोय. जावईबापूंना सांग, मी विचारायला येतोय, हुकूम सोडायला नाही. तुमच्या दाराबाहेर उभा राहीन. तुम्ही दोघं आत या म्हणालात, तरच आत येईन.

तुझाच,
अप्पा