न मठारलेली घागर

शिकंदराबाद, माघ वद्य तृतीया, फसली १३४७

खजुरीला सौ. राजूबाईस अंबाजीचा मनापासून आशीर्वाद.

मी बरा हाय. खोकला थोडा राहिलाय, काळजी करू नको. आईचे गुडघे कसे हायत?

रेल्वेच्या कारखान्यात धातूची पारख शिकायलोय. यंत्रानं पोलादाची गोळी धातूवर दाबायची अन् पडलेला खड्डा मोजायचा. काल एकाच तांब्याच्या दोन पट्ट्या दाबल्या. साधीवर मोठा खड्डा पडला, हातोडीनं ठोकलेलीवर लहान. साहेब म्हणाले, ठोकून ठोकून तांबं कठीण होतं.

मला आपली घागर आठवली. आळंदचा तांबट ती हातोडीनं सगळीकडून ठोके देत मठारायला बसला होता. मीच म्हणालो, "नक्षी कामून? घाई हाय." तशीच गुळगुळीत आणली. महिन्यात पोचा पडला, अन् विहिरीवर आदळतीस म्हणून मी तुला आईसमोर बोललो.

आता ती तांबटाकडं दे. पोचा काढून सगळीकडून मठार म्हणावं.

जयतीर्थ मास्तर, तुम्ही हे तिला वाचून दाखवायलात. इथं जरा थांबा, आईला हाक मारा, अन् पुढची ओळ मोठ्यानं वाचा.

चूक माझी होती, राजूबाईची न्हाई.

अंबाजी