गाडी हालते कायले?

गुरु. ४ ऑगस्ट १९३८, गोंदिया
आज मॅट्रिकच्या वर्गात नाक कापलं गेलं. न्यूटनचा तिसरा नियम चालला होता. जेवढ्या जोराने ओढाल, तेवढ्याच जोराने समोरची वस्तू तुम्हाला उलट ओढते. उदाहरण बैलगाडीचं, माझंच. वर्गातली एकटी मुलगी सुभद्रा उभी राहिली.
"सर, गाडीबी बैलाले तेवढ्याच जोरानं मागं ओढते म्हणता. मंग गाडी हालते कायले?"
मी फळा पुसला. पुसलेला फळा पुन्हा पुसला. हेडमास्तर नेमके दारात.

शुक्र. ५
हे.मा.नी बोलावलं. मंगळवारी स्वतः वर्गात बसणार. उत्तर देता आलं नाही तर मेकॅनिक्स काढून घेणार, मला पाचवीचं शुद्धलेखन. बोलले गोड. पुस्तक तीनदा वाचलं. नियम तोंडपाठ, बी.एस्सी.चा कागद पेटीत, आणि डोक्यात अंधार. लाज वाटते स्वतःची.

रवि. ७, कामठा
थोरल्या बहिणीकडे भाताच्या रोवणीला आलो. तिला आम्ही बाई म्हणतो. भाताच्या रोपांच्या जुड्या भरलेली गाडी बांधाजवळ फसली. बैल जीव खाऊन ओढताहेत, खूर घसरताहेत. मी शहाणा, चाकाखाली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबायला लागलो. बाईने ती हातातून हिसकली.
"चाकाखाली कायले टाकून राहिला? बैलाच्या पायाखाली टाक. त्याचा पाय रोवला नाई तं तो ओढंल कसा?"
टाकली. गाडी निघाली. मी तिथेच, गुडघाभर चिखलात.
बैल जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे! जमिनीचा तो रेटा गाडीच्या ओढीहून जास्त झाला की बैल पुढे निघाला. आणि ते दोन सारखे जोर? एक बैलावर, एक गाडीवर. एकमेकांना खोडतील कसे!
नाचलोच. बाईला वाटलं विंचू चावला.

मंगळ. ९, गोंदिया
जिंकलो! हे.मा. मागच्या बाकावर. टेबलाला दोरी बांधली, समोरच्या फरशीवर एरंडेल ओतलं. वर्गातला दांडगा मनोहर ओढायला गेला, पाय सटासट घसरले, टेबल ढिम्म. मग पायाखाली पोतं टाकलं. टेबल थेट दारापर्यंत. वर्गात नुसता कल्ला.
हे.मा. उठले. म्हणाले, मेकॅनिक्स तुमच्याकडेच राहील, फरशीही तुम्हीच पुसा.
तेवढ्यात सुभद्रा.
"सर, बैल जमिनीले मागं रेटते. मंग जमीन मागं जाऊन राहते का?"
या वेळी फळा पुसला नाही. खडू तिच्या हातात दिला.
हे.मा. परत खाली बसले.