आतला पॅड

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी परत ओरडली. माणगावच्या बाजारातून येताना, घाटाच्या उताराला. मी मागे, मांडीवर रिकामी टोपली. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. ह्यांना सांगितलं. म्हणाले, वारा आहे. वीस वर्षं ही गाडी चालवतात आणि वारा ओळखता येत नाही. समुद्रात पण असाच ओळखत असतील.

४ नोव्हें.
ह्यांनी बाबूला आणला. बाबू म्हणजे जेटीवर होड्यांची इंजिनं खोलणारा, ह्यांचा बसायचा जोडीदार. मोबाईलची बॅटरी लावून पुढच्या चाकाशी वाकला. ब्रेकची चकती, तिला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. बाबूने बाहेरचा बघितला.
“वयनी, अर्धा जीव हाय अजून. दोन महिने बघू नका.”
दोन चहा पिऊन गेला. आतला बघितला नाही. आतला दिसत नाही म्हणे. मासा घेताना आम्ही कल्ला उघडतो, उलटा करून बघतो, मग टोपलीत टाकतो. ह्या दोघांना समोरून दिसलं तेवढंच खरं. 
बोंबील अर्धे ओले राहिले. वारा दमट.

५ नोव्हें.
लेकीचं, ज्योतीचं, नोकरीचं पक्कं झालं. माणगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये, सोमवारी १७ ला हजर व्हायचं. सकाळची एस.टी. कधी येते कधी नाही. तर हे म्हणाले, गाडी ज्योतीला. एवढं मोठं मन. पोरगी रोज एकटी घाट चढणार नि उतरणार, ह्या ओरडणाऱ्या गाडीवर. मी म्हटलं, गाडी द्या पण आधी ब्रेक खोला. तर तोंड फुगवलं. गाडीला नावं ठेवलेली चालत नाहीत. मला ठेवलेली चालतात.

६ नोव्हें.
माझा वेणीफणीचा आरसा घेतला. चाकाच्या आत, मागच्या अंगाला धरला. ज्योतीने बॅटरी मारली.
आत पॅड नाहीच. नुसती पत्र्याची पट्टी, ती चकतीला घासते. चकतीवर रेघा पडल्यात. ह्यांना हाक मारून दाखवलं. बघितलं नि म्हणाले, आरसा वाकडा आहे.
डोकं उठलं. पुढे लिहीत नाही.

९ नोव्हें., रविवार
हे होडीवर गेले. बरं झालं. मी नि ज्योती गाडी घेऊन म्हसळ्याला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या हमीदभाईंकडे. पूर्ण रस्ता मागच्या ब्रेकवर, बैलगाडीसारखं. हमीदभाई म्हातारे, कमी बोलतात, आधी हात लावतात मग तोंड उघडतात. असे पुरुष पण असतात.
खोललं. आतला पॅड संपलेला, बाहेरचा जाडजूड. पॅड धरणारं ब्रेकचं ते धूड दोन पिनांवर सरकायला हवं, तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिना चिकटलेल्या. हलतच नाही. म्हणून सगळा भार आतल्यावर. 
हमीदभाईंनी पिनेचा वास घेतला नि माझ्याकडे बघितलं. “ताई, ह्यात काय ओतलंय?”
मला लांबूनच कळलं. माशाचं तेल. होडीच्या लाकडाला लावतात ते. खारं पाणी लागू नये म्हणून हे दर महिन्याला ब्रेकमध्ये सोडत होते. होडीला चालतं ते गाडीला पण चालतं. आत त्याचा डिंक झालेला, रबर फुगलेलं. ज्योती हसून हसून खालीच बसली. मला हसू आलं नाही.
दोन्ही पॅड नवे, पिना घासून त्यांचं ते ग्रीस. निघताना हमीदभाईंनी बजावलं. खाऱ्या वाऱ्याने चकती रोज सकाळी लाल दिसेल. दोनदा ब्रेक दाबला की तो गंज जातो. तिला तेलाचं फडकं अजिबात लावायचं नाही. तेल लागलं की ब्रेक नाही.

१० नोव्हें.
ह्यांच्या ताटात भाकरीशेजारी जुने दोन्ही पॅड ठेवले. एक झिजून पत्रा, एक गुबगुबीत. म्हटलं, “ही मी. नि हे तुम्ही.”
जेवले नाहीत. मी पण थांबले नाही. बाबूचं काढलं, वाऱ्याचं काढलं, आरशाचं काढलं. लग्नातलं पण काढलं. तेलाचा डबा होडीवर नेऊन ठेवा, घरात दिसता कामा नये म्हटलं.
“होडी वीस वर्षं टिकली ती ह्याच तेलावर.”
म्हटलं, होडीला ब्रेक असतो काय.
त्यावर उठून गेले.

१४ नोव्हें.
चार दिवस बोलणं नाही. तसं शांत. गाडी मात्र रोज गोड्या पाण्याने धुतात. कुणी सांगितलं नाही, स्वतःच. मी आरसा लावून बघते, दोन्ही पॅड सारखे. ज्योती जेटीपर्यंत दोन फेऱ्या मारून आली. ब्रेक लोण्यासारखा म्हणाली. 
तेलाचा डबा पडवीतच आहे. हजारदा सांगायचं.

१७ नोव्हें., सोमवार
ज्योती साडेसहाला निघाली. दही दिलं हातावर. गाडीवर असताना फोन आला तरी उचलायचा नाही, कुणाचा पण, माझा पण, अशी शपथ घातली. हे रस्त्यापर्यंत गेले, वळणाआड जाईपर्यंत उभे.
आत येऊन चहा मागितला. सात दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, पहाटे बघितलं तर चकती लालभडक. पोरगी पहिल्या दिवशी गंजकी गाडी घेऊन जाणार काय. पुसून दिली.
“तुझ्या आरशासारखी केली.”
कशाने, विचारलं. फडकं दाखवलं. दाखवायची गरज नव्हती.
मी सांगितलं तेलाने काय होतं ते. शिवी दिली नाही. हे चहा तिथेच ठेवून बाबूच्या गाडीवर तिच्यामागे निघाले, पायात काही न घालता.
ज्योतीला फोन लावला. वाजतो. उचलत नाही. परत लावला. हमीदभाईंना लावला, ते म्हणाले, ताई, मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो, म्हसळ्याहून ती माझ्यापुढूनच जाणार. घाट म्हसळ्याच्या पुढे आहे. तोवर रस्ता बरा.
सात दहा.
१० तारखेला ह्यांना काय काय बोलले ते सगळं आठवतंय. शब्दन् शब्द. चकतीला तेल लावायचं नाही, हे सांगितलं होतं का, तेवढंच आठवत नाही.
सात वीस. हमीदभाईंचा फोन नाही अजून.