फाटकापाशी दुसरं स्टूल

३ नोव्हेंबर, सोमवार

अमरावतीले पोचलो. राजापेठेत उतरल्या उतरल्या गिला वड्याच्या दोन प्लेट हाणल्या आन् मग पत्ता इचारला. मागच्या गल्लीत पांढरी दुमजली इमारत, वर पाटी, मेंदू संशोधन केंद्र. मी आठवी नापास आन् काम मेंदूच्या दवाखान्यात! सुरतेच्या दोस्ताले, चंद्रभानले फोन लावला तं तो हासून हासून पडला. म्हणे, तुले काहून घेतलं, रिकामं डोकं कसं असते ते दाखवाले का?

इथले मोठे डॉक्टर म्हणजे सौमित्र सर. पंधरा वर्षं बाहेर देशात शिकून आले, भिंतीवर फोटूच फोटू. तरी मले स्वतःच्या कपात चा पाजला. आमच्या तेल्हाऱ्यात सरायच्या शिबिरात माय गुडघे दाखवाले गेलती, तवा माही गोठ निघाली म्हणे, आन् सर बोलले का पाठवा पोराले. ही वही पण सरायनंच देली. रोज लिही, जे वाटलं ते लिही, अक्षर सुधरते.

तं खरंच लिहितो. मी कुठं टिकत नाही. सुरत चार महिने, हैदराबाद दोन, पुणे एकोणीस दिवस. तळपाय खाजवाले लागले का समजाचं, निघाची येळ झाली. इथं टिकतो का पाहू.

५ नोव्हेंबर, बुधवार

मले दोन कामं. एक, फोटूच्या मशिनीत जायच्या आधी लोकायच्या आंगावरचं लोखंड-बिखंड काढून ठेवणं. मशीन म्हणजे लय मोठं चुंबक. बायका जोडवे काढाले लाजतात, बुवा ताईत काढाले भेतात. आज एका म्हाताऱ्यानं करदोडा सोडाले साफ नाही म्हटलं. बरोबर हाय त्याचं. करदोडा माणूस मेल्यावर तोडतात. शेवटी सुताचा नवा बांधून देला, जुन्यातला लोखंडी छल्ला तेवढा त्याच्याच मुठीतून घेऊन त्याच्याच पिशवीत ठेवला.

दुसरं काम सहीचं. संमतीच्या कागदावर ज्याले लिहिता येत नाही त्याचा अंगठा, बाजूले साक्षीदार म्हणून माही सही. प्रमोदिनी मॅडम मशीन चालवतात, त्या गठ्ठाच पुढं सरकवतात. मी पयला कागद वाचत बसलो तं म्हणे, नितेश, सही कर बापा, पेपर सोडवाले बसू नको. माया सहीले आजवर कोणी किंमत देली नव्हती. मी झोकात करतो, खाली दोन टिंबं देतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माय अचानक आली. डब्यात भाकर, ठेचा, पाटोडीची भाजी. सरायनं तिले कॅबिनमंदी तासभर बसवलं, मले बाहेर कामाले लावलं. आजचा गठ्ठा पण मोठा होता, पटापट सह्या ठोकल्या का मायजवळ बसाले भेटन म्हणून.

जाताना तिनं एक अजब केलं. माया करदोड्यात काळ्या घोड्याच्या नालेचा छल्ला हाय, मी सात वर्षाचा असताना तिनंच बांधला होता. बाप चप्पल घालून पानठेल्यावर गेला तो आलाच नाही, त्याच आठवड्यात. मरेपर्यंत सोडू नको म्हणायची. आज स्वतःच सोडून घेतला. म्हणे, घासून आणतो. माया डोळ्यात काही पाहेना.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फाटकावर नत्थुजी असतात. चौकीदार म्हणतात, पण स्टुलावर बसण्याशिवाय काही करत नाहीत. गाव तिवसा, इथून तासाभराचं. नऊ वर्षं गेले नाहीत! इचारलं तं म्हणे, शनिवारी जाईन बाप्पा. मी म्हटलं, कोणत्या सालच्या? तं हासले.

दुपारी पाण्याचं टँकर उलटं येत होतं, सरळ त्यायच्या स्टुलावर. मी बोंबललो. ते टँकरकडे पाहून राहिले, जसं दुसऱ्याच्याच आंगावर येते. बखोटीले धरून ओढले. म्हणे, दिसलं होतं मले. मंग उठले काहून नाही? म्हणे, उठतच होतो.

मॅडमले सांगितलं. मॅडम म्हणे, आधी म्हणे हा माणूस बाराही महिने भटकायचा, आता किती शांत झाला पाहा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी मशिनीत गेलो. सर म्हणे, स्टाफचा फोटू काढावाच लागते, मशीन तपासाले. आत ठणाठण आवाज, जशी टिनावर गारपीट. मंग सरायनं पडद्यावर माया मेंदू दाखवला. पेनानं तुरीच्या दाण्याएवढी जागा दाखवून म्हणे, ही पाहा तुया पायातली भिंगरी. मले लय भारी वाटलं.

उद्यापासून रोज सकाळी खुर्चीवर बसाचं. वाटीसारखं काहीतरी कपाळाले लावतात, सुतारपक्षी ठोकते तसं टकटक. डोकं ताजं होते म्हणे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रभानचा फोन. वापीले काम हाय, सोमवारी निघतो का? आधी मी फोन ठेवाच्या आत बॅग भरली असती. नाही म्हटलं. तो म्हणे, कोण बोलून राहिलं रे, नितेशले फोन दे.

मायले सांगितलं तं ती रडली. खुशीनं. तळपाय खाजवत नाहीत. आठ दिवस झाले असतील.

९ डिसेंबर, मंगळवार

चाचं दूध ठेवलं होतं. वर आलं, सांडलं, गॅस इझला, वास सुटला. मी समोरच उभा होतो. मॅडमनं धावत येऊन बटन बंद केलं, म्हणे आंधळा झाला का?

नाही. दिसलं होतं मले.

हे लिहिलं आन् हात थांबला. हे वाक्य मी आधी कुठंतरी —

मागची पानं पाहिली. नत्थुजीचं हाय.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडम जेवाले गेल्या. कपाटाले चावी तशीच होती. नत्थुजीची फाईल सापडली. वर लिहिलं, क्रमांक एक.

क्रमांक चौदा माही.

अक्षर अक्षर लावून वाचलं. 'सतत स्थलांतराची अनिवार ओढ. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ. आईची संमती.' खाली अंगठा. अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ. विळ्यानं कापलेला तो अंगठा मी हजार वेळा पाहिला. मले जेवू घालणारा.

तारीख ७ नोव्हेंबर.

बाजूले साक्षीदाराची सही. खाली दोन टिंबं.

माही.

मांगं या वहीचे झेरॉक्स. जिथं तळपाय लिहिलं तिथं लाल खूण. २९ तारखेच्या पानावर लिहिलं, 'उत्तम'.

सर, हे पण वाचा. तुमी मले चा पाजला होता.

१६ डिसेंबर

मायले फोन केला. छल्ला काहून नेला ते सांग म्हटलं. मंग म्हणे, लोखंड चालत नाही म्हटलं सायबानं. म्हणे, तुया बाप पानठेल्यावर गेला तो गेला. दोघाले कशी वाट पाहू? आता तू एका जागी हायेस, बास.

मी म्हटलं, माय, मले इचारलं असतं. तं म्हणे, तू थांबला असता का इचाराले?

राग आला. पण आला आन् — जसं कोणी दारातून डोकावून गेलं.

लिहून ठेवतो म्हणजे राहीन. मले राग आला होता. मले राग आला होता.

१७ डिसेंबर

सरायले इचारलं. ते रागावले नाहीत. म्हणे, माया वीस वर्षायचं काम तुया डोक्यात हाय, नितेश. शनिवारी परदेशात जाऊन तुयेच फोटू दाखवणार. खुर्ची आता लागत नाही म्हणे, झालं काम.

मी म्हटलं, मी चाललो. सर म्हणे, जा ना. फाटक उघडंच असते. कोणी अडवलं?

कोणी नाही.

१८ डिसेंबर

बॅग भरली. फाटकापाशी आलो. अकोल्याची गाडी धरायची, तिथून तेल्हारा. मायपुढं उभं राहाचं, छल्ला मांगाचा, करदोड्यात ओवाचा. एवढंच काम.

फाटकाबाहेर रस्ता. चार पावलं.

पाय दुखत नाहीत. भेव वाटत नाही. फक्त — काहून जाचं, ते मनात धरून ठेवता येत नाही. वही उघडून वाचतो, तवा कळते. मिटली का —

मॅडमनं आतून स्टूल आणून देलं. म्हणे, उभा काहून, बस.

१९

हातावर मुंग्या. लाल. चावून राहिल्या. दिसतात मले.

सर वरच्या खिडकीतून फोटू काढून राहिले. हात हालवला. मी पण हालवला. काहून हालवला —

मले राग आला होता. १६ तारखेचं पान.

२०, शनिवार

सर गेले. गाडीची काच खाली करून म्हणे, लिहीत राहा.

बॅग मांडीवर. गल्लीतून अकोल्याची गाडी दिसते, राजापेठेच्या वळणावर. एक गेली. एक अजून —

नत्थुजीनं स्टूल थोडं सरकवलं, माया आंगावर ऊन आलं पाहिजे म्हणून. इचारलं, तेल्हाऱ्याले कवा जातो रे? आमी दोघंही हासलो.

टँकर आलं. उलटं येऊन राहिलं. आज ओढाले कोणी नाही. मी ओढतो. नत्थुजीले ओढतो आन् मंग निघतो. उठतो. हे लिहिलं का उठ